शंभर रुपयांत गाडी चकाचक. बाकीचं बिल कोण भरतं?

पनवेलकरांनो,

विषय वाचून काही जण हसतील. शहरात खड्डे आहेत, मालमत्ता कराचं भांडण आहे, उन्हाळा आला की टँकर आहेत, आणि हा पत्रकार मोटारसायकल कशी धुवावी यावर लिहितोय! हसा खुशाल. पण घरात दुचाकी असेल तर शेवटपर्यंत वाचा. पनवेलमध्ये दुचाकी नसलेलं घर शोधावं लागेल, म्हणजे हे जवळपास सगळ्यांसाठीच आहे.

माझं म्हणणं सरळ आहे. गाडी धुण्याची प्रेशर गन हे खेळणं नाही, ते अवजार आहे. वेल्डिंगवाल्याला डोळ्यांपुढे काच लागते, गिरणीवाल्याला पट्ट्यावर जाळी लागते, तसं या अवजारालाही शिक्षण लागतं आणि नियम लागतात. आपल्याकडे दोन्हीच्या नावाने शंख. कोणीही उठतो, रस्त्याकडेला चार पत्रे ठोकतो, एक बोअर किंवा टँकर, एक पंप, एक पाइप, दोन पोरं, आणि लागला फ्लेक्स 'वॉशिंग सेंटर'चा. आपण शंभराच्या आसपास पैसे देतो आणि चमकणारी गाडी घेऊन निघतो. वाटतं, स्वस्तात झालं. पण उरलेलं बिल तीन ठिकाणी फाटतं: आपल्या गाडीच्या बेअरिंगवर, गन धरणाऱ्या पोराच्या अंगावर आणि गाढी नदीत.

आधी एक गोष्ट स्पष्ट करतो, नाहीतर खाली लगेच सुरू होईल, "साहेब, गरिबाच्या पोटावर पाय देऊ नका." मी या धंद्याच्या विरोधात नाही. पनवेलमध्ये गाडी धुवावीच लागते. पळस्पे फाट्यापासून कळंबोली सर्कलपर्यंत दिवसरात्र डंपर आणि ट्रेलर. कळंबोलीच्या लोखंड बाजाराची वाहतूक वेगळी, विमानतळाच्या कामाने वर्षानुवर्षं उडवलेली धूळ वेगळी. पावसाळ्यात चार महिने चिखल, आणि वर खाडीची खारी हवा. हा चिखल आणि खार गाडीच्या पोटाला चिकटून राहिला तर गंज हमखास. त्यामुळे धुणं हा शौक नाही, ती देखभाल आहे.

आणि मशिनही वाईट नाही. घरगुती छोटं प्रेशर मशिन मिनिटाला सहा-सात लिटरच पाणी घेतं. पाइप नळाला लावून मोकळा सोडला तर त्याच्या दुप्पट-तिप्पट पाणी सहज जातं. नीट वापरलं तर मशिन पाणी वाचवतं. प्रश्न मशिनचा नाही. ते कोणाच्या हातात आहे, त्या हाताला काय शिकवलंय आणि वाहून गेलेलं पाणी कुठे जातंय, हा प्रश्न आहे.

आता गाडीचं बघू.

दहा मीटर उंचीवरच्या पाण्याचा दाब म्हणजे साधारण एक बार. पाच मजली इमारतीच्या गच्चीवरच्या टाकीचं पाणी तळमजल्याला दीड बारने येतं. घरगुती प्रेशर मशिनच्या खोक्यावर आकडा असतो शंभर बार किंवा त्याहून जास्त. शंभर बार म्हणजे एक किलोमीटर उंचीच्या टाकीचा दाब. आपल्या समोर दिसणारं माथेरान आठशे मीटरच्या आसपास आहे. त्याच्याही वर दोनशे मीटर टाकी बांधायची, तिथून पाइप आणायचा आणि गाडीच्या चाकाच्या मधोमध सोडायचा, असा हा हिशेब. वॉशिंग सेंटरवर असतो तो पट्ट्यावर चालणारा मोठा पंप. फळबागेत औषध फवारायला शेतकरी वापरतात, त्याच जातीचा. त्याचा दाब घरगुती मशिनपेक्षा कमी, वीस ते चाळीस बारच्या घरात, पण पाणी भरपूर. म्हणजे तरीही तुमच्या नळाच्या वीसपट.

गाडी बनवणाऱ्याने ती पावसासाठी बनवलेली असते. पाऊस वरून पडतो, स्वतःच्या वजनाने पडतो. बेअरिंगच्या तोंडाशी बसवलेलं रबराचं सील हे थेंब आणि शिंतोडे अडवायला पुरेसं असतं. वीतभर अंतरावरून, आडवा, सुईसारखा घुसणारा फवारा अडवायला ते बनवलेलंच नसतं. पाणी सीलच्या कडेने आत जातं आणि आतलं ग्रीस धुऊन बाहेर काढतं. सगळ्यात वाईट म्हणजे त्या दिवशी काहीच कळत नाही. गाडी चकाचक दिसते. महिना-दोन महिन्यांनी चाकातून घरघर सुरू होते, हँडल वळवताना अडकल्यासारखं वाटतं, मेकॅनिक सांगतो, "बेअरिंग गेली, कोनसेट बदलावा लागेल." आपण कंपनीला शिव्या घालतो, रस्त्याला घालतो, महापालिकेला घालतो. गनकडे कोणाचं लक्ष जात नाही.

चेनचंही तेच. हल्लीच्या बऱ्याच मोटारसायकलींच्या चेनमध्ये प्रत्येक कडीत बारीक रबरी रिंग असते आणि तिच्या आत कारखान्यातच भरलेलं ग्रीस असतं. ते ग्रीस एकदा गेलं की बाहेरून कितीही तेल लावा, आत परत जात नाही. आणि आपली पोरं काय करतात? चेन काळी दिसते म्हणून तिच्यावरच गन सर्वात जवळ धरतात. ग्राहकही खूश. काळं गेलं ना!

मग येतं वायरिंग. सीटखाली, हेडलाइटच्या मागे, टाकीच्या पोटाशी वायरींचे कपलर असतात. त्यात पाणी शिरलं की पहिल्या दिवशी हॉर्न घोगरा होतो, मग सेल्फ लागत नाही, मग इंडिकेटर मनाला येईल तेव्हा लागतो. मीटरच्या काचेत आतून वाफ धरते. एअर फिल्टरच्या तोंडातून पाणी गेलं तर गाडी चालूच होत नाही. वॉशिंग सेंटरच्या दारातच किका मारत बसलेला माणूस तुम्ही कधी ना कधी पाहिला असेल.

इलेक्ट्रिक स्कूटरवाल्यांसाठी खास. शोरूममध्ये सांगतात, "सर, बॅटरी आयपी 67 आहे, पाण्याचं टेन्शनच नाही." बरोबर, पण अर्धवट. आयपी 67 म्हणजे वस्तू एक मीटर पाण्यात अर्धा तास राहिली तरी आत पाणी जाणार नाही, अशी चाचणी. जोरदार फवाऱ्याची चाचणी वेगळी असते, तिचे आकडे वेगळे असतात. बुडण्याची परीक्षा पास झालेला माणूस बुक्के खाण्याच्या परीक्षेत पास होईलच असं नाही. त्यामुळे चार्जिंगचं तोंड, मोटर आणि बॅटरीच्या झाकणावर गन धरू देऊ नका.

इथपर्यंत नुकसान पैशांचं आहे. आता जिवाचं.

आपल्याकडे 'डिझेल मारणं' नावाचा एक प्रकार आहे. इंजिन काळंभोर, तुकतुकीत दिसावं म्हणून धुऊन झाल्यावर डिझेलचा फवारा मारतात. काही ठिकाणी पॉलिश फवारतात. हा फवारा काय फक्त इंजिनवरच बसतो? हवेत उडतो, डिस्कवर बसतो, टायरवर बसतो. डिस्कवर तेलाचा थर बसला की ब्रेक पॅड घसरतं. मागच्या ड्रमब्रेकमध्ये पाणी शिरलेलं असेल तर तो ब्रेकही पहिल्या काही दाबांत धरत नाही. आणि आपला माणूस गाडी घेऊन निघतो कुठे? सरळ हायवेला! सेंटरमधून बाहेर पडल्यावर पहिला ब्रेक तो ट्रेलरच्या मागे मारणार. अपघात झाल्यावर पंचनाम्यात लिहिलं जातं 'वाहनावरील ताबा सुटल्याने'. ताबा का सुटला, गाडी अर्ध्या तासापूर्वी कुठून निघाली होती, हे कोण विचारतो?

डिझेल रबरालाही खातं. सील फुगतात, होज मऊ पडतात. म्हणजे ज्या चमकेसाठी आपण जास्तीचे वीस-तीस रुपये देतो, ती चमक गाडीचं आयुष्य कमी करून मिळते. तरीही आपणच म्हणतो, "भाऊ, डिझेल मार हां जरा."

आता त्या पोराकडे बघा. खरंच बघा, कारण एरवी आपण मोबाइलमध्ये असतो.

पायात स्लीपर. हाफ पँट. हातमोजे नाहीत, डोळ्यांवर काही नाही. दिवसभर पाण्यात उभं राहून बोटांच्या बेचक्यांत चिखल्या झालेल्या. खाली पाणी साचलेलं, आणि त्याच पाण्यातून मोटरची वायर गेलेली. वायरला जोड, जोडाला चिकटपट्टी. बोर्ड खांबाला दोरीने बांधलेला, त्यावर पावसाचं पाणी येऊ नये म्हणून प्लास्टिकची पिशवी. गेल्या काही आठवड्यांत मी शहरात आणि आजूबाजूला जिथे जिथे थांबून पाहिलं, तिथे थोड्याफार फरकाने हेच चित्र होतं. नावं लिहीत नाही, कारण एकट्यादुकट्याला झोडपून उपयोग नाही. सगळ्यांचंच तसं आहे.

ओल्या अंगाच्या माणसाला विजेचा झटका कोरड्या माणसापेक्षा कितीतरी जोरात बसतो, हे शाळेत शिकलोय आपण. यावर उपाय आहे आणि तो बाजारात मिळतो. ईएलसीबी नावाचं एक बटण असतं. तीस मिलिअँपियर इतका थोडा करंट जरी वाट चुकून माणसाच्या अंगातून जमिनीत जायला लागला, तरी ते डोळ्याचं पातं लवायच्या आत लाइन तोडतं. लक्षात ठेवा, साधं एमसीबी हे काम करत नाही. एमसीबी वायर जळण्यापासून वाचवतं, माणसाला वाचवत नाही. अनेक सेंटर मालकांना हा फरकच माहीत नसतो. "साहेब, एमसीबी बसवलंय ना" असं ते अगदी प्रामाणिकपणे सांगतात. त्यांना हे सांगायला कधी कोणी गेलंय का?

फवाऱ्याचंही तसंच. जास्त दाबाचा फवारा जवळून हातावर किंवा पायावर बसला तर तो कातडी फाडून आत घुसतो. वरून जखम टाचणीएवढी दिसते, आत मात्र घाण पाणी, तेल आणि मातीसकट मांसात पसरलेलं असतं. अशा जखमेला बँडेज लावून परत कामाला उभं राहायचं नसतं, लगेच डॉक्टरकडे जायचं असतं, कारण ती आतून सडते. मस्करीत एकमेकांच्या पायांवर गन मारणारी पोरं मी पाहिली आहेत. त्यांना कोणी सांगितलेलंच नाही. आणि हो, यातली काही पोरं वयाने किती लहान दिसतात, हेही आपल्याला दिसतं आणि आपण बघत नाही. चौदा वर्षांखालच्या मुलाला कामावर ठेवायला 2016 च्या दुरुस्तीनंतर कायद्याने पूर्ण बंदी आहे. फक्त घरच्या धंद्यात, तेही शाळा सांभाळून आणि धोका नसेल तरच मदत चालते. इथे शाळाही नाही आणि धोकाही आहे.

आता तिसरं बिल, पाण्याचं.

सेंटरवरचा पंप मिनिटाला वीस-पंचवीस लिटर सोडतो असं धरा. पाच मिनिटं गन चालली तर शंभर ते सव्वाशे लिटर. शहरी माणसाला दिवसाला किती पाणी मिळावं याचा सरकारी निकष आहे 135 लिटर. म्हणजे एका माणसाचं दिवसभराचं पिणं, आंघोळ, भांडी, कपडे, संडास, सगळं एका मोटारसायकलवर गेलं. दिवसाला पन्नास गाड्या धुणाऱ्या सेंटरने पाच-सहा हजार लिटर वापरले, म्हणजे दहा हजारी टँकर अर्धा रिकामा. हे माझं पाटीवरचं गणित आहे, तुम्हीही करून बघा.

आणि हे कुठल्या शहरात? ज्या शहराचं स्वतःचं देहरंग धरण उन्हाळ्यात तळ दाखवतं, त्या शहरात. धरण आटत आलं की जीवन प्राधिकरण आणि एमआयडीसीकडे हात पसरायचे, एक दिवसाआड पाणी सोडायचं, सोसायट्यांनी टँकरसाठी वर्गणी काढायची, हे दरवर्षीचं झालंय. तीन हजार मिलिमीटरच्या घरात पाऊस पडणाऱ्या जिल्ह्यात आपण हे सोसतो.

"आमचं बोअरचं पाणी आहे, महापालिकेचं नाही," असं सेंटरवाले सांगतात. खरं असेल. पण बोअरचं पाणी काय मालकाच्या आजोबांनी जमिनीत पुरून ठेवलेलं? शेजारच्या सोसायटीची बोअर त्याच पाण्यावर असते. केंद्रीय भूजल प्राधिकरणाने 8 ऑक्टोबर 2020 रोजी पिण्यायोग्य भूजलाची नासाडी आणि गैरवापर रोखण्याचा आदेश काढलाय. तो कागदावर आहे. तो कोणी अंमलात आणायचा, हे मात्र सगळे एकमेकांकडे बोट दाखवून सांगतात.

शिवाय पाणी वापरून संपत नाही, ते कुठेतरी जातं. धुतलेल्या पाण्यात चिखल असतो, ग्रीस असतं, जळकं ऑइल असतं, शाम्पूचा फेस असतं आणि आपण हौसेने मारायला लावलेलं डिझेल असतं. ते सेंटरच्या पुढच्या गटारात जातं. पनवेलची गटारं कुठे जातात? नाल्यांतून गाढीला आणि गाढीतून खाडीला. खाडीवर आपल्या कोळीवाड्यातली माणसं पोट भरतात. त्यांच्या जाळ्यात काय येतं ते एकदा जाऊन विचारा. पाण्यावरचा इंद्रधनुष्यी तवंग दिसायला सुंदर असतो. त्याच्याखाली श्वास घेणाऱ्या माशाला तो सुंदर वाटत नसावा.

इथे लगेच दुसरा आक्षेप येतो. "तळोज्याच्या कारखान्यांना बोला ना आधी! आमच्या दोन बादल्या पाण्याने नदी मेली का?" मुद्दा अगदीच चुकीचा नाही. कासाडी नदीचं काय झालं ते आपण डोळ्यांनी पाहिलंय, प्रकरण राष्ट्रीय हरित लवादापर्यंत गेलं. 2017 मध्ये तळोज्यातली निळी पडलेली कुत्री साऱ्या जगाने पाहिली. कारखान्यांना बोललंच पाहिजे, आणि पत्रकार म्हणून आम्ही बोलतच आलोय. पण मोठा चोर मोकळा आहे म्हणून छोट्याने कुलूप तोडावं, हा कुठला न्याय? कारखान्याला निदान नाव आहे, पत्ता आहे, संमतीपत्र आहे, नोटीस द्यायची तर देता येते. रस्त्याकडेच्या सेंटरची तर कुठे धड नोंदही नाही. जल प्रदूषण प्रतिबंधाचा 1974 चा कायदा कारखाना आणि टपरी असा भेद करत नाही. त्याचं 24 वं कलम नदी-ओढ्यात, विहिरीत, गटारात किंवा जमिनीवर दूषित पदार्थ सोडायला सगळ्यांनाच मनाई करतं.

बाकीच्यांनी काय केलं? बंगळुरूमध्ये मार्च 2024 मध्ये पाण्याची बोंब झाली, तेव्हा तिथल्या पाणीपुरवठा मंडळाने पिण्याच्या पाण्याने गाड्या धुण्यावर बंदी घातली आणि पाच हजार रुपये दंड ठेवला. आपल्याच राज्यात 2016 च्या एप्रिलमध्ये मिरजेहून लातूरला रेल्वेने पाणी न्यावं लागलं, आणि त्याच महिन्यात मुंबई उच्च न्यायालयाने आयपीएलचे सामने राज्याबाहेर न्यायला लावले. मैदानाला मारायचं पाणी तेव्हा आपल्याला दिसलं. गल्लीतलं गाड्या धुण्याचं पाणी मात्र दिसत नाही, कारण ते आपल्याच गाडीवरून वाहतं.

मला बंगळुरूसारखी सरसकट बंदी नकोय. संकट आल्यावर बंदी घालणं हा दुष्काळात विहीर खणण्याचा प्रकार आहे. बंदीने धंदा थांबत नाही, तो फक्त मागच्या गल्लीत जातो आणि हप्ता वाढतो. मला हवी आहे आधीची शिस्त. पनवेलला 1852 पासून नगरपालिका आहे. वडाळे, कृष्णाळे, देवाळे, विश्राळे असे तलाव उराशी धरून वाढलेलं हे गाव. 1 ऑक्टोबर 2016 पासून आपण महापालिका आहोत. एवढ्या जुन्या आणि एवढ्या मोठ्या संस्थेला वॉशिंग सेंटरसाठी एक पानाची नियमावली जमू नये?

माझ्या मागण्या पाच. फार खर्चाच्या नाहीत.

एक. प्रत्येक वॉशिंग सेंटरची महापालिकेत नोंद करा. फी नाममात्र ठेवा, पण पाणी कुठून घेता आणि कुठे सोडता हे लिहून घ्या.

दोन. तीन कप्प्यांची टाकी सक्तीची करा. पहिल्या कप्प्यात गाळ बसतो. दुसऱ्यात तेल वर तरंगतं, ते काढून वेगळं ठेवायचं. तिसऱ्यात जे पाणी येतं ते पुन्हा गाडीचा पहिला चिखल काढायला वापरायचं. विटा-सिमेंटचं काम आहे, यात काही रॉकेट उडवायचं नाही. साध्या गवंड्याला जमतं.

तीन. ईएलसीबी आणि अर्थिंग नसेल तर पंप चालू नाही. गमबूट, हातमोजे, चष्मा मालकाने द्यायचे.

चार. डिझेल मारणं बंद. यावर चर्चाच नको.

पाच. वर्षातून एकदा सेंटरमधल्या पोरांचं अर्ध्या दिवसाचं प्रशिक्षण. एखादा अनुभवी मेकॅनिक, एखादा वायरमन आणि महापालिकेचा एक माणूस, एवढे तिघे पुरे. ज्यांनी प्रशिक्षण घेतलं त्यांच्या सेंटरला एक पाटी द्या. बघा, ग्राहक ती पाटी बघून जायला लागतात की नाही.

हे सगळं कधी करायचं? खंडेनवमीच्या आधी. वर्षातल्या बाकी दिवशी एका वेळी दोन गाड्या असतात, दसऱ्याच्या आदल्या दिवशी रांग रस्त्यावर येते. त्या दिवशी पोरगा सकाळपासून रात्रीपर्यंत पाण्यात असतो, एका गाडीला पाच मिनिटं मिळतात, आणि सगळ्यात जास्त नुकसान त्याच दिवशी होतं. ज्या दिवशी आपण अवजारांची पूजा करतो, त्या दिवशी एक अवजार सगळ्यात बेफिकिरीने चालतं, आणि ज्याच्या हातात ते असतं त्याच्या कपाळाला गुलालही लागत नाही.

आता आपल्याकडे येतो. कारण महापालिकेला शिव्या घालणं सोपं असतं, त्यात आपलं काही जात नाही. हे सगळं आपण मागतो म्हणून होतं. "पटकन कर, घाई आहे" हे आपणच म्हणतो. पुढचा वीस रुपये कमी घेतो म्हणून तिकडे आपणच वळतो. त्यामुळे पुढच्या वेळी गाडी धुवायला न्याल तेव्हा एवढं करा.

इंजिन गार होऊ द्या. हायवेवरून आल्या आल्या तापलेल्या इंजिनवर आणि सायलेन्सरवर गार पाणी मारायचं नाही, धातूला ते सोसत नाही. वीस मिनिटं चहा प्या. सायलेन्सरच्या तोंडात फडक्याचा बोळा किंवा प्लास्टिक लावा, आणि नंतर काढायला विसरू नका. चावीचं भोक, मीटर आणि स्विचवर पिशवी चढवा.

आधी साध्या पाण्याने चिखल भिजवा. कोरड्या मातीवर फडकं घासलं की रंगावर चरे पडतात. मग गाडीचा शाम्पू. कपड्यांची पावडर नको, ती मेणाचा थर काढते.

गन हातात घेणाऱ्याला सांगा, "भाऊ, दोन-तीन फूट लांबून मार, आणि पसरट फवारा ठेव." घरच्या मशिनबरोबर रंगीत नोझल येतात. लाल म्हणजे सरळ सुईसारखी धार, ती गाडीला लावायचीच नाही. पांढरं म्हणजे चाळीस अंशांचा पसरट फवारा, ते वापरायचं. गन टायरला, मडगार्डच्या आतल्या बाजूला, पायदानाला. चाकाचा मधला भाग, हँडलचा मानेचा भाग, पुढच्या शॉकअपचं सील, चेन, रेडिएटरची जाळी, सीटखालचा भाग, हेडलाइटची मागची बाजू, इथे गन नाही. इथे फडकं आणि ब्रश.

चेन रॉकेलमध्ये बुडवलेल्या मऊ ब्रशने साफ करायची, इंजिन बंद ठेवून, चाक हाताने फिरवत. इंजिन चालू ठेवून गिअरमध्ये चेन पुसताना बोटं जातात. मेकॅनिक लोकांना विचारा. मग पुसून, वाळवून चेनचं तेल.

धुऊन झाल्यावर गाडी पुसा, पाच-दहा मिनिटं चालू ठेवा. आणि सगळ्यात महत्त्वाचं, हायवेला लागण्याआधी आतल्या रस्त्यावर हळू चालवत दोन्ही ब्रेक आठ-दहा वेळा दाबा. ब्रेक धरतोय याची खात्री झाल्यावरच पुढे. या दोन मिनिटांत जीव वाचतो.

आणि हे सगळं नीट करणाऱ्या सेंटरला शंभरऐवजी दीडशे द्या. होय, जास्त द्या. घासाघीस करू नका. पाच मिनिटांचं काम वीस मिनिटांत नीट करणारा माणूस पाच मिनिटांच्या भावात कसं करेल? भाजीवालीशी दोन रुपयांसाठी हुज्जत घालणारे आपण मॉलमध्ये छापील किंमत निमूट देतो, तसं इथे नको. गाडी घरी बादलीनेही धुता येते, दोन बादल्यांत होते, आणि आठवड्यातून एकदा ओल्या फडक्याने पुसली तर महिन्यातून एकदाच धुवावी लागते. तेही करून बघा.

सेंटर मालकांनाही दोन शब्द. तुमच्यातले बरेच जण इथलेच आहात, कोणी जमीन गेलेले, कोणी कंपनी बंद पडून रस्त्यावर आलेले, कोणी गावाहून आलेले. धंदा कष्टाचा आहे, हे मला दिसतं. महापालिकेचा माणूस दंडाची पावती घेऊन येण्याची वाट बघू नका. ईएलसीबी उद्या बसवा. पोराला गमबूट आजच आणा. तो पोरगा तुमच्याकडे विश्वासाने उभा आहे, कोणाचा तरी तो मुलगा आहे.

पोस्ट पटली असेल तर आपापल्या नगरसेवकाला, आमदाराला टॅग करा. आपल्या भागात तीन कप्प्यांची टाकी असलेलं, पोरांना गमबूट देणारं एखादं सेंटर असेल तर त्याचं नाव जरूर सांगा, मी स्वतः जाऊन बघीन आणि त्याच्यावर चांगलं लिहीन. वाईटाच्या बातम्या रोजच छापतो, चांगल्याला प्रसिद्धी मिळू दे.

आणि पुढच्या वेळी गाडी धुऊन होताना मोबाइल खिशात ठेवा. वायर कुठून गेलीय, पोराच्या पायात काय आहे, पाणी कुठे चाललंय, या तीन गोष्टी बघा. दिसल्या की विचारा. एवढं विचारणारे शंभर ग्राहक जरी पनवेलमध्ये झाले, तरी महापालिकेच्या नियमावलीआधी सेंटरवाल्यांची नियमावली तयार होईल.